रामदास बोट भिंतीवर ॲनिमेशनने दाखवावी का?

खारावारा
१७ जुलै १९४७. गटारी अमावस्येसाठी गावाला निघालेल्या माणसांनी भरलेली रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. महिनाभरात स्वातंत्र्य आलं नि रामदासची आठवण मागे पडली. रेवस-अलिबागच्या बाहेरच्या किती पोरांना आज हे नाव ठाऊक असेल? रेवस बंदराजवळच्या एखाद्या मोठ्या भिंतीवर दरवर्षी गटारीच्या रात्री प्रोजेक्टरने वीसेक मिनिटांचं ॲनिमेशन दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. बोट बुडताना कुणी चित्रण केलेलं नाही, तेव्हा रेखाटनाशिवाय मार्ग नाही. तिकीट नको. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या टाकून बसता आलं पाहिजे.

मांडवेकरीण
माझा विरोध. आजीचा सख्खा भाऊ त्या बोटीवर होता, त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. दोन मजली लाट भिंतीवर येणार, माणसं पाण्यात पडणार आणि लोक मोबाइल वर धरून रील काढणार. त्यात गटारीची रात्र, पिऊन आलेल्यांना कोण आवरणार? गेलेल्यांची नावं दगडावर कोरा.

झोत
विरोध नाही, पण जुलैत जमायचं नाही. अमावस्येचा काळोख प्रोजेक्टरला उत्तम, पण पाऊस लागला की झोतात धाराच चमकतात आणि चित्र फिकं पडतं. पडदा लावाल तर वारा फाडून नेईल. डिसेंबरात करा.

खारावारा
@झोत, डिसेंबर चालेल. तारखेसाठी अडून बसणार नाही.
@मांडवेकरीण, ताई, बुडणारी माणसं दाखवायचीच नाहीत. लाट आली, लोक घाबरून एका अंगाला गेले, बोट कलंडली. एवढं नकाशावरच्या रेघांनी कळतं. मला दाखवायचंय ते पुढचं. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी, सांगतात, ती मासळी दर्यात लोटून दिली आणि होड्यांत माणसं ओढून घेतली. पावसाळ्यात हाती आलेली मासळी, घरचा पैसा! टोपल्या धडाधड पालथ्या होताना पोरांना दिसू देत. हे दगडावर कसं कोरणार?

मांडवेकरीण
कोळ्यांचं दाखवा, त्याला माझी ना नाही. पण किंकाळ्यांचा आवाज लावाल तर मी स्वतः बंद पाडायला येईन. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना आधी दाखवा. त्यांनी नको म्हटलेलं दृश्य काढून टाकायचं.

डोलकाठी
तुम्ही दोघंही मूळ मुद्दा सोडताय. कोळ्यांच्या शौर्यावरच संपवलंत तर बोट चालवणारे सुटले! बोटीवर वायरलेस नव्हता, म्हणून मुंबईला पत्ता लागायला संध्याकाळ उजाडली. जीवरक्षक साधनं सगळ्यांना पुरतील इतकी नव्हती. आणि १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हाही कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. हे त्याच भिंतीवर येणार नसेल तर माझं मत विरोधात धरा.

खारावारा
येईल. पण नीलकमलचं दुःख अजून ओलं आहे. तिथे फक्त तारीख आणि जॅकेटची गोष्ट, चित्र नाही. चालेल?

डोलकाठी
तारीख पुरेशी नाही. किती माणसं गेली तो आकडाही हवा.