स्कॉटलंडचा मास्तर, चार वर्षांचा करार : ह्याला गुलाम म्हणायचं का?

करवीर_मास्तर
मंडळी नमस्कार, कोल्हापुरात नववीला इतिहास शिकवतो. शनिवारी पोरांना जॉन हॅरोअरची गोष्ट सांगायचीय. शेटलंड बेटांवरच्या लर्विकचा व्यापारी, धंदा बसला म्हणून ६ डिसेंबर १७७३ ला बायको ॲन आणि पोरं मागं ठेवून, विकायला मोजे घेऊन बाहेर पडला, लंडनपर्यंत गेला तरी काम मिळंना, शेवटी २६ जानेवारी १७७४ ला चार वर्षांचा करार केला, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मास्तरकी करायची, जेवण, झोपायची सोय, धुणं मालकाकडं आणि चार वर्षांचे मिळून पाच पौंड. मे महिन्यात जहाज फ्रेडरिक्सबर्गला लागलं आणि कर्नल डेंजरफील्डनं त्याचा करार घेतला. मी वहीत 'गुलाम' लिहिलंय पण मन घेईना. 'उचल' म्हणू काय? आमच्या पोरांनी ऊसतोड मजुरांच्या फडावरच्या कोप्या बघितल्यात, लगेच कळंल.

पंचगंगा_घाट
सर, गुलाम नका म्हणू. उचल बरीच जवळची आहे, जहाजाचं भाडं दुसऱ्यानं भरायचं आणि ते आपल्या अंगावर घेऊन राबून फेडायचं. पण उचल देणारा मुकादम निदान माहितीतला असतो ओ, ह्यानं सही केली तेव्हा आपला मालक कोण होणार हेच माहीत नव्हतं. जहाज लागलं की गिऱ्हाईक वर चढायचं, माणसं बघायचं, करार विकत घ्यायचं. काही व्यापारी तर घाऊक माणसं घेऊन जायचे आणि मेंढरं हाकल्यागत गावोगाव फिरवून भाव येईल तिथं विकायचे, हे हॅरोअरनंच डायरीत लिहून ठेवलंय. आपले लोक मॉरिशसला गेले त्याला गिरमिट म्हणायचे, ॲग्रीमेंटचा अपभ्रंश, तो शब्द एकदम बरोबर बसतो, फक्त पोरांना आधी त्याच नावाचे बेळगावकडचे चुरमुरे आठवतील.

शाहूपुरीची_ताई
दादांचं पटलं, पण एक गोष्ट सोडू नका सर. जून १७७४ मध्ये त्यानं बायकोला लिहिलेलं पत्र मिळवा आणि वर्गात वाचून दाखवा. मालकाच्याच टेबलावर जेवतो, सकाळी कॉफी नाहीतर चॉकलेट, गरम पाव, मक्याची भाकरी, दुपारी धुरी दिलेलं डुकराचं मांस. चहा मात्र कुणी पीत नाही, १ जूनपासून सगळ्यांनी सोडलाय, ईस्ट इंडिया कंपनीचा कुठलाच माल घेत नाहीत म्हणतो. हे आपल्या पोरांना लई आवडंल, कारण तीच कंपनी आपल्याकडंही होती. आणि त्याच पत्रात लिहितो की काळी माणसं किती आहेत ते देवालाच ठाऊक, रोज शेतात राबणारीच तीसेक असतील, घरातली नोकरमाणसं वेगळी. मला तिथंच थांबावं लागलं. ह्याच्या कागदावर चार वर्षं लिहिलेली होती, त्या तीस जणांकडं असला कागदच नव्हता, आणि व्हर्जिनियात १६६२ पासून कायदाच होता की आई गुलाम असेल तर लेकरूही गुलाम. दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मग शब्द कुठला वापरायचा ते पोरंच सांगतील.

गंगावेस_९
माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे म्हणून मला त्या डायरीतली एकच नोंद डोक्यात बसलीय. सॅम्युएल एज नावाचा शेजारचा शेतकरी येतो, माझा मुलगा बहिरा आहे आणि मुका पण, त्याला शिकवा म्हणून विनवतो, आणि हा माणूस प्रयत्न करून बघतो म्हणतो. १७७४ साल. त्याला ते शिकवायचं कुणी शिकवलं नव्हतं, लर्विकला दुकान चालवत होता तो. आमच्या आईनं भावाला घेऊन किती शाळांच्या पायऱ्या झिजवल्या ते मी बघितलंय, एका ठिकाणी तर गेटवरूनच परत पाठवलं. प्लीज सर, हे वर्गात सांगाच.

करवीर_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. 'गुलाम' खोडलं, 'करारी मजूर' लिहिलं, उचल आणि गिरमिट दोन्ही समजावून सांगणार, आणि ताई, दोन रकाने नक्की करणार. एजच्या मुलाची नोंद मी वाचून पुढं गेलो होतो, आज परत काढून वाचली. सुरुवात त्याच्या शाळेच्या वेळापत्रकानं करतो, सकाळी ६ ते ८, मग ९ ते १२, मग ३ ते ६, ते बघून पोरं ओरडतील. शेवटही सांगावा लागणार. डायरी १७७६ मध्ये थांबते आणि १७७७ मध्ये, करार संपायच्या आधीच, तो तिथंच वारला. बायकोला बोलावून घ्यायचं पत्रातून ठरत होतं. ॲनला तो परत कधी दिसला नाही.