मदत हवी आहे: डब्यात एकमेकांना चिकटलेली जुनी नाणी सापडलीत

मंडळी, माळा आवरताना एक पत्र्याचा डबा सापडला, आत फडक्यात गुंडाळलेली जुनी नाणी, चांदीची वाटतात आणि काही तांब्याची, पण खालचा गठ्ठा हिरव्या थराने एकमेकांना पार चिकटलाय, एका नाण्यावर तर त्या फडक्याची वीणच उमटलीये. घरातले म्हणतायत चिंच लावून घासून काढू, मी अजून कुणाला हात लावू दिला नाहीये!

कारण इंग्लंडमधल्या फ्रोमच्या साठ्याबद्दल वाचलं होतं, २०१० मध्ये एकाच मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. सापडवणाऱ्याने स्वतः न उपसता तज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी थराथराने नाणी काढली म्हणून तर कळलं की नंतरच्या काळातली बरीच नाणी तळाकडे होती, म्हणजे सगळा ऐवज एकदमच पुरला असणार. एकदम ओतून घेतली असती तर ही माहिती कायमची गेली असती ना.

तर प्रश्न असे की चिकटलेला गठ्ठा घरी सोडवायचा प्रयत्न करावा का सरळ संवर्धन करणाऱ्यांकडेच न्यावा? ते फडकं आणि डबा पण सोबत द्यायचा ना? फोटो काढताना नाण्याशेजारी पट्टी ठेवू का, आणि वजन वेगवेगळं नोंदवायचं तर चिकटलेल्यांचं काय? तोवर डब्यातच ठेवू की कागदात, कुणी असं केलं असेल तर प्लीज नीट सांगा.