मुंगळ्यांची पिलं वाढत नाहीयेत, किड्यांना जोड म्हणून काय द्यावं?

मेघना_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मोठ्या काळ्या मुंगळ्यांची वसाहत आहे, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. राणी पावसाच्या तोंडावर गच्चीतल्या दिव्याखाली सापडली होती, पंख नुकते गळलेले. आता साठ-सत्तर कामकरी असतील. साखरपाणी ठेवलं की तुटून पडतात, पोटं तट्ट फुगतात, पण अळ्या आहेत तेवढ्याच आहेत. नवा कोष बरेच दिवस दिसलेला नाही.

किडे देण्यात अडचण अशी की आमच्या सोसायटीत नियमित फवारणी होते. घरात मेलेलं झुरळ किंवा माशी द्यायची हिंमत होत नाही. पक्ष्यांच्या दुकानातले मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) कधी मिळतात, कधी नाही. शिवाय घरी चातुर्मास पाळतात, त्यामुळे अंडं स्वयंपाकघरात येत नाही. भावाची प्रोटीन पावडर साखरपाण्यात कालवून दिली तर चालेल का? पनीर, भिजवलेली मूगडाळ असलं काही? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा, पिलांची फार काळजी वाटते आहे.

अमेय_ठाणे

मी अधूनमधून मांजराचं ओलं खाद्य देतो, हरभऱ्याएवढं. खातात. पण दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते, त्यामुळे रात्री ठेवून सकाळी काढावं लागतं. पावडरीबद्दल सातारचे काका सांगतील.

सातारचे_काका

मेघनाताई, पावडर देऊ नका. निदान साखरपाण्यात कालवून तर अजिबात नको. कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मोठी मुंगी आणि अळी यांची भूक वेगळी असते. कामकरी मुंगी चालते ती साखरेवर. तिची कंबर इतकी बारीक की घट्ट अन्नाचा कण पोटापर्यंत जातच नाही, ती फक्त रस गाळून घेते. अंग वाढवायचं असतं ते अळीला, आणि त्याला प्रथिनं लागतात. तुमच्याकडे कामकऱ्यांचं जेवण भरपूर आहे, पिलांचं नाही. म्हणून पोटं फुगलेली आणि अळ्या तशाच.

मग प्रथिनं ओतली तर काय बिघडतं? बिघडतं. ऑड्री द्युसुतूर आणि स्टीफन सिम्पसन या संशोधकांनी 2012 साली हेच दाखवलं की प्रथिनं जास्त आणि साखर कमी अशा खाण्यावर कामकरी लवकर मरतात आणि वसाहती कोसळतात. त्याआधी 2009 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या डोक्याच्या मुंग्यांवर काम केलं होतं. त्यात असं दिसलं की खाण्यात प्रथिनं वाजवीपेक्षा जास्त असली, तर मुंग्या त्यातली साखर काढून घेतात आणि उरलेला चोथा बाहेर टाकतात. अळ्या असलेल्या वसाहतीला हा तोल चांगला सांभाळता येतो. साखर आणि प्रथिनं एकत्र कालवली की आपण त्यांची निवडच काढून घेतो. दोन्ही वेगळ्या झाकणांत ठेवा, काय किती न्यायचं ते त्या ठरवतील. आणि त्यांचा कचऱ्याचा कोपरा बघत चला. तिथे दिलेल्या खाण्याचे कोरडे चोथे साठू लागले, तर तुम्ही जास्त देताय किंवा ते त्यांना नकोय.

आता जोडखाद्य. जगभर प्रयोगशाळांतून वापरलं जातं ते भटकर आणि व्हिटकोम्ब या संशोधकांनी 1970 साली प्रसिद्ध केलेलं. पाणी 500 मिली, आगर (जेलीसारखं थिजवणारा पदार्थ) 5 ग्रॅम, मध 62 मिली, एक अख्खं अंडं, जीवनसत्त्वं 1 ग्रॅम, क्षार 1 ग्रॅम. तुमच्या वसाहतीला याचा दहावा हिस्सासुद्धा पुष्कळ झाला. पाणी 50 मिली, आगर अर्धा ग्रॅम, मध 6 मिली, फेटलेल्या अंड्यातला एक चहाचा चमचा, जीवनसत्त्वांच्या गोळीची पूड चिमटीच्या टोकावर राहील एवढी आणि क्षारांची तेवढीच.

करताना एकच जागा अवघड आहे, तिथे सावकाश. निम्म्या पाण्यात आगर पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं आणि खाली उतरवायचं. उरलेल्या निम्म्या पाण्यात अंडं, मध आणि बाकीचं फेटून ठेवायचं. हे पाणी कोमट असू द्या. आगर गरम असताना ओतलंत तर अंडं शिजून त्याचे धागे होतात. फार थांबलात तर आगर 40 अंशांच्या खाली भांड्यातच थिजतं आणि गुठळ्या होतात. पन्नासच्या आसपास ओतायचं. थर्मामीटर नसेल तर भांडं हातात धरवतं, पण फार वेळ धरवत नाही, ती वेळ. मग पसरट झाकणात अर्धा सेंटिमीटर थर ओतून थिजू द्यायचा. फिकट पिवळी, हाताला थरथरणारी वडी होते. भाताच्या चार शितांएवढा तुकडा द्यायचा.

अंड्याचं म्हणाल तर गॅलरीत छोटी शेगडी आणि वेगळी भांडी ठेवा, घरच्यांच्या नेमाला धक्का लागणार नाही. पनीर काही मुंगळे कुरतडतात, पण त्याच्यावर पिलं पोसली जातील असा भरवसा धरू नका. मूगडाळीचं तर नावच सोडा, हे काही धान्य साठवणारे मुंगे नव्हेत. बाहेर बघा ना, बाभळीवर शिंगवाले तुडतुडे असतात त्यांच्याभोवती हेच मुंगळे गोड रस गोळा करत फिरतात आणि मेलेला किडा दिसला की तो ओढून नेतात. रस आणि किडा, हेच त्यांचं जेवण.

म्हणूनच जोडखाद्य ही जोडच आहे. किडे बंद करू नका. फवारणीची भीती रास्त आहे, ती बाळगाच. घरच्या घरी फळमाशा वाढवा: बरणीत पिकलेलं केळं ठेवायचं, त्यांची वर्दळ झाली की तोंडाला कापड बांधायचं. द्यायच्या आधी बरणी फ्रीजरमध्ये ठेवली की माशा मरतात आणि पिंजऱ्यात उडत नाहीत. मीलवर्म मिळतील तेव्हा जास्तीचे आणून गोठवा. देताना उकळत्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे अंगावरचे कोळीकीटक मरतात, आणि मधोमध चिरून ठेवा. अख्ख्या मीलवर्मची कातडी या लहान कामकऱ्यांना फुटत नाही.

आणखी एक, कुणी पाण्यात प्रतिजैविक टाकायला सांगितलं तर ऐकू नका. कॅम्पोनोटसच्या पोटात ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू असतात, ते मुंगीला लागणारी अमिनो आम्लं तयार करून देतात. औषधाने ते मेले तर पिलांचं नुकसान ठरलेलं.

मालवणी_हुमलो

काका, मस्त. एक जोडतो. आंब्यावरचे हुमले (पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या) पाळणाऱ्यांसाठी: थायलंडमध्ये बागांत हुमल्यांना झाडावरच साखरपाणी आणि प्रथिनांचं खाणं देऊन त्यांची पिलं वाढवतात, तिथे ती बाजारात विकली जातात. म्हणजे रस वेगळा आणि प्रथिनं वेगळी हा हिशेब तिथेही तोच.

मेघना_नाशिक

काका, खूप आभार. आता कुठे नीट कळलं. दोन शंका: आगर नाशकात कुठे मिळेल? आणि जास्तीचं करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल का?

सातारचे_काका

किराणा दुकानात चायना ग्रास मागा, तेच आगर. पुडीतल्या धाग्यांची पकड प्रयोगशाळेतल्या पुडीपेक्षा कमी असते, म्हणून चिमूटभर जास्त घ्या. फ्रीजरमध्ये नको, गोठून सुटलं की वडीतून पाणी सुटतं आणि स्पंजासारखा चोथा उरतो. झाकण लावून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि थोडं थोडं, ताजं करत जा. वास बदलला किंवा वर ठिपका दिसला की सगळं टाकून द्या. वारुळात ठेवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढायचाच, खाल्लेला असो वा नसो.

पहिल्या दिवशी नुसत्या हुंगून निघून गेल्या तर घाबरू नका. आदल्या दिवशी साखरपाणी काढून ठेवा आणि मग द्या. उपयोग होतोय की नाही ते अळ्यांकडे बघून कळेल. भिंगातून बघा, पोट भरलेल्या अळीच्या पातळ कातडीतून आत काळपट डाग दिसतो. तो दिसायला लागला की इथे लिहा, फोटो टाका.