अनुभव धागा: दाखले, करार आणि नावाची भानगड

अठरा पूर्ण झाली की मत देता येतं, गाडी चालवता येते, आणि आपण आपणच आहोत हे दर खिडकीवर नव्याने सिद्ध करावं लागतं. बारावी ते पहिली नोकरी या काळात महाराष्ट्रातली पोरं ज्या कागदांपायी मेटाकुटीला येतात, त्यातलं ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा. रडगाणं नको. कुठला कागद कशाच्या आधी, आणि गाडी अडते कुठे, एवढंच. वर आपलं टोपणनाव टाका.

आडनाव आधी
निम्मी दुखणी नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर बहुधा उलटं, आणि कधीकधी वडिलांचं नाव गायबच. शिवाय इंग्रजी स्पेलिंग: ‘दीपक’मध्ये दोन ई की एक आय, ‘ज्ञानेश्वर’ डी-एन-वायने सुरू होतो की जी-वायने. घरी कुणाला फरक पडत नाही, संगणकाला पडतो. पॅन आणि आधार जोडताना तिथेच अडतं.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया धरा. आधी आधार त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा, मग पॅन, मग बँक, मग पीएफ, शेवटी पासपोर्ट. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे आधार केंद्रावरच्या मुलाने टाइप केलेलं पावतीवर वाचल्याशिवाय उठू नका. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ओळी वाचा.

पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. ‘नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही लिहायचं. आद्याक्षरं चालत नाहीत.

जनरल रजिस्टर
वरच्यात भर. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर आधी शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा काढा. रजिस्टरमध्ये बरोबर आणि प्रमाणपत्रावर चूक असेल तर मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. रजिस्टरमध्येच चूक असेल तर काम लांबतं, कारण शाळा सोडल्यावर त्यात सहजासहजी हात घालता येत नाही. जाता जाता: १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नावही येतं. म्हणजे पुढच्या पिढीचं नाव चार भागांचं, आणि अर्जात रकाने तीन.

सेतूच्या रांगेतून
नॉन-क्रिमीलेअरसाठी, म्हणजे आरक्षण घेणाऱ्या घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यासाठी, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, मर्यादा आठ लाख. मुदत कुठल्या ३१ मार्चपर्यंत आहे ते दाखला हातात पडताच बघा. प्रवेशाच्या वर्षाच्या शेवटापर्यंत ती पुरली नाही, तर ऐन फेरीत दाखला कुचकामी. नोकरीच्या परीक्षा देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: केंद्राचा ओबीसी नमुना आणि राज्याचा नमुना वेगळे. बँक किंवा रेल्वेच्या अर्जाला राज्याचा दाखला जोडून लोक बाद होतात.

प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टँप मागितला तर देऊ नका. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व यांच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साधा कागद चालतो.

मोडी
जात पडताळणीबद्दल. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा लागतो: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही), तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायचं. जुनी नोंद मोडी लिपीत निघाली तर जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून जोडावं लागतं. वंशावळीतलं आजोबांचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळलं पाहिजे. ‘पांडू’ आणि ‘पांडुरंग’ एकच, हे समितीला प्रतिज्ञापत्राने सांगावं लागतं. चुलत्यांची पडताळणी आधीच झालेली असेल तर त्यांच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत सगळ्यात वर लावा, बाकी ढिगारा खाली.

पावती ठेवा
‘साहेब मीटिंगमध्ये’ यावर उतारा: लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्याला १५ दिवस ठरलेले आहेत. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. मात्र मुदत मोजली जाते अर्जाच्या क्रमांकावरून. टेबलावर ठेवून आलेल्या झेरॉक्सला ना क्रमांक, ना मुदत.

कॉट बेसिस
पुण्या-मुंबईच्या भाड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ ही थाप आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, कितीही महिन्यांचा असो, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्च एजंट फुगवून सांगतो, म्हणून गणित: भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर ११ महिन्यांचं भाडं १,६५,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ४,५८३. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे साधारण ४२४ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी जे मागतील ती त्यांची मजुरी, घासाघीस करा.

रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, हे करारात आकड्यासह लिहून घ्या. कराराची मुदत संपल्यावर राहू नका, मालक दुप्पट मागू शकतो.

यूएएन
नोकरी सोडल्यावर पीएफ अडतो तो बहुतेक वेळा सोडल्याची तारीख भरलेली नसते म्हणून. कंपनीने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः भरता येते. नवी नोकरी असेल तर रक्कम काढू नका, वर्ग करा. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा जास्त काढले तर कर कापला जातो.

आडनाव आधी
@यूएएन, नावाचा क्रम इथेही तोच का?

यूएएन
हो, आधारप्रमाणे. १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा, आधारने पडताळलेला यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असेल तर नाव आणि जन्मतारीख बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करता येते. त्याआधीचा असेल तर कंपनीचा होकार लागतो. त्यामुळे राजीनामा देण्याआधी नाव तपासा, नंतर एचआर फोन उचलत नाही.