सोसायटीचा ग्रुप: बी गेटच्या चढावर ४०७ (टाटाचा छोटा ट्रक) बंद पडलीय

जोशी काकू (ए-२०३): बी गेटात ही ४०७ कोणाची उभी आहे? ८ वाजता पाण्याचा टँकर आहे. दोन्ही विंगच्या टाक्या रिकाम्या आहेत.

देशपांडे (ए-४०२): कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे काकू. विचारायची पद्धत म्हणून विचारा हवं तर.

पवार (सी-००२): माझीच आहे काकू, सॉरी. मार्केट यार्डातून रिकामी येत होती. चढावर दोन-तीन झटके दिले आणि बंद पडली. सेल्फ फिरतोय, पण स्टार्ट होत नाही. ड्रायव्हर तिथेच आहे.

मोरे अण्णा (बी-१०१): पवार, आधी त्याला सेल्फ मारणं थांबवायला सांगा. वरपर्यंत ऐकू येतंय, सलग मारतोय. १० सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं. बॅटरी बसली की पुढचं काहीच तपासता येणार नाही.

मोरे अण्णा (बी-१०१): आता तीन गोष्टी सांगा. बंद पडताना इंजिनात आवाज झाला का? टेम्परेचरचा काटा कुठे होता? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि कोणत्या रंगाचा?

केतन (बी-५०३): अण्णांनी ओपीडी सुरू केली 😄

पवार (सी-००२): आवाज नाही. काटा मध्यावर. धूर अजिबात नाही.

मोरे अण्णा (बी-१०१): मग इंजिन ठीक आहे, डिझेल पोचत नाहीये. पांढरा धूर असता तर डिझेल जातंय पण पेटत नाही असं म्हटलं असतं, मग टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघावं लागलं असतं. तरी एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग सेल्फला हात लावायचा नाही.

पवार (सी-००२): ऑइल काळंच आहे, लेव्हल बरोबर.

देशपांडे (ए-४०२): दहा जण मिळून खाली रस्त्यावर ढकलून का देत नाही? पाच मिनिटांचं काम.

तांबोळी भाई (सी-३०५): देशपांडेसाहेब, तसं अजिबात करू नका. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम मिळत नाही. साठलेला असतो तो ब्रेक दोन-तीनदा दाबला की संपतो, मग पॅडल कडक होतं आणि गाडी आवरत नाही. खाली स्कूलबसचा स्टॉप आहे. हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या दोन्ही चाकांना दगड, आत्ताच.

जोशी काकू (ए-२०३): ८ वाजता टँकर आहे.

केतन (बी-५०३): मी व्हिडिओत बघितलंय, एअर फिल्टर काढून आत थोडं पेट्रोल शिंपडायचं, लगेच उठते.

तांबोळी भाई (सी-३०५): केतनदादा, हात जोडतो. डिझेल इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, नशीब वाईट असेल तर पिस्टनचा रॉड वाकतो. आणि मुळात पंपातून डिझेलच येत नसेल तर दोन ठोके मारून परत बंदच पडणार.

देशपांडे (ए-४०२): विषय निघालाच आहे म्हणून. १५ वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणता येते का? भंगारात काढायचा नियम झालाय ना?

मोरे अण्णा (बी-१०१): ती सक्ती सरकारी गाड्यांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून. खासगी मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी. त्यांचं झालेलं आहे, काचेवर लावलंय. जाता-येता वाचा.

देशपांडे (ए-४०२): वाचतो. पेव्हर ब्लॉकवरचे ऑइलचे डागही रोज वाचतो.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको 🙏 पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये.

मोरे अण्णा (बी-१०१): पवार, क्रमाने करा. १) इंजेक्शन पंपावरचा (इंजिनात दाबाने डिझेल पाठवतो तो) इंजिन बंद करायचा स्टॉपचा लिव्हर पूर्ण मागे आलाय का ते हाताने बघा. केबल अर्धवट अडकली की डिझेल बंदच राहतं. २) टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. ३) फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढतो तो) हातपंप मोकळा करून मारा.

पवार (सी-००२): लिव्हर मागे आहे. झाकणाला आवाज नाही. हातपंप नुसता पोकळ चालतोय, जोरच लागत नाही.

तांबोळी भाई (सी-३०५): फीड पंपाचा व्हॉल्व्ह गेला. स्प्रिंग बसली असेल नाहीतर खाली कचरा अडकला असेल. पंप उतरवा.

मोरे अण्णा (बी-१०१): भाई, घाई होतेय. हातपंप पोकळ दोन कारणांनी चालतो, व्हॉल्व्ह किंवा मागून हवा. चढावर झटके देऊन बंद पडली, टाकीत डिझेल किती आहे विचारा.

पवार (सी-००२): पाव टाकी.

मोरे अण्णा (बी-१०१): पाव टाकीत चढावर डिझेल मागे जातं, ओढायला जोर जास्त लागतो. मग पाइपात कुठे बारीक चीर असली तरी डिझेलऐवजी हवा येते. ओढणाऱ्या बाजूला बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

तांबोळी भाई (सी-३०५): मान्य, पण व्हॉल्व्हही असू शकतो.

मोरे अण्णा (बी-१०१): म्हणून कॅन लावून बघू. ५ लिटर स्वच्छ डिझेल, कॅन फीड पंपापेक्षा वर ठेवायचा. टाकीकडून येणारा पाइप पंपावरून सोडायचा आणि त्या जागी पारदर्शक नळी लावून कॅनमध्ये सोडायची. मग हातपंप मारायचा. जोर आला तर पंप चांगला, दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये. पोकळच राहिला तर भाई म्हणतात ते खरं.

जोशी काकू (ए-२०३): ८ वाजता टँकर आहे. आत्ता ७.२० झालेत.

केतन (बी-५०३): काकू, टँकरवाल्याकडेच कॅन मागू 😂

जोशी काकू (ए-२०३): केतन, तुझ्या घरी पाणी येत नाही का?

पवार (सी-००२): कॅन लावला. सात-आठ वेळा मारल्यावर हातपंप कडक झाला!

तांबोळी भाई (सी-३०५): ठीक, अण्णा बरोबर. आता एअर काढा, म्हणजे पाइपात अडकलेली हवा. डिझेल फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल, फेस संपून अखंड धार येईपर्यंत हातपंप. पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, मारणं थांबवून आवळला की परत हवा शिरते. मग तसंच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला. हातपंप खाली दाबून पूर्ण फिरवून बंद करायचा, विसरतात लोक.

मोरे अण्णा (बी-१०१): तरी धरली नाही तर दोन नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात त्या) पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ. डिझेल झिरपलं की आवळा. हात आणि तोंड लांब ठेवा, त्या दाबाची धार कातडीत घुसते, मग थेट हॉस्पिटल.

पवार (सी-००२): नट सोडावे लागले नाहीत. दुसऱ्या सेल्फला सुरू झाली 🙏🙏

देशपांडे (ए-४०२): अभिनंदन. आता बाहेर कधी?

मोरे अण्णा (बी-१०१): कॅनवर चालवू नका, ओव्हरफ्लोचं, म्हणजे न वापरलेलं डिझेल टाकीत परततं आणि ५ लिटर बघता बघता संपतं. चॅसिसचा लोखंडी पाइप आणि फीड पंप यांच्यामधली रबरी नळी काढा. क्लिपच्या खाली वाकवून बघा, चीर तिथेच असते.

पवार (सी-००२): सापडली. क्लिपखाली अर्धी नळी फाटलीय. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळू का आत्तापुरती?

तांबोळी भाई (सी-३०५): ती डिझेलमध्ये फुगते. नवीन डिझेलची नळी घ्या, ८ एमएम आतून, फूटभर, दोन क्लिपा. बँजो बोल्ट (पाइप पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) उघडलाय तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे. जुनाच घालायचा तर लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडतो. तसाच घातला की परत हवा ओढते.

देशपांडे (ए-४०२): ग्रुपचं नाव बदलून ‘गॅरेज’ ठेवावं म्हणतो.

सेक्रेटरी: 🙏🙏

पवार (सी-००२): कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली नळी. बसवली, परत एअर काढली. गाडी सुरू आहे, बाहेर काढतोय.

जोशी काकू (ए-२०३): ७.५० झाले. टँकर आला तर त्याला थांबायला सांगू का?

पवार (सी-००२): निघालो काकू, दोन मिनिटं.

मोरे अण्णा (बी-१०१): डिझेल फिल्टर या आठवड्यात बदला, आणि टाकीखालचा ड्रेन नट उघडून पाणी किती निघतं ते बघा. एअर काढताना चढावर डिझेल सांडलंय, त्यावर पाणी मारू नका, पसरेल. कोरडी माती टाकून दहा मिनिटांनी झाडून घ्या. तिथून दुचाक्या वळतात.

देशपांडे (ए-४०२): माती कोण टाकणार? वॉचमन दोन महिने एकच आहे.

पवार (सी-००२): मीच टाकतोय. घमेलं आहे का कोणाकडे?

तांबोळी भाई (सी-३०५): जिन्याखाली माझं आहे, घ्या.