पॉवरस्केल (आयसिलॉन) ॲडमिन परीक्षेची तयारी कशी करावी? सल्ला हवा आहे

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. पुण्यात सहा वर्षं ब्लॉक स्टोरेज सांभाळतोय. लन (साठवणीचा कापून दिलेला तुकडा) काढा, झोनिंग करा (कोणता सर्व्हर कुठे पोचेल ते ठरवा), होस्टला जोडून द्या, झालं. आता आमच्याकडे पॉवरस्केल (अनेक सर्व्हर जोडून बनलेली डेलची फाइल साठवणयंत्रणा, जुनं नाव आयसिलॉन) आलंय आणि साहेब म्हणतात तीन महिन्यांत सर्टिफिकेशन करून टाक. कंपनी परीक्षेची फी देणार, कोर्सची नाही. शेजारच्या टेबलवरचा मित्र म्हणतो, डंप (परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांचा संच) घे, दोन रविवारांत काम होईल. रात्रपाळीमुळे मला रोज जेमतेम दीड तास मिळतो. सुरुवात कुठून करू?

सह्यकडा:
डंपच्या वाटेला जाऊ नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्र जातंच, पण त्याहून वाईट म्हणजे पास होऊनही काही येत नाही. आमच्याकडे मुलाखतीला असा एक जण आला होता. विचारलं, पाच नोडच्या (एकत्र जोडलेल्या पाच सर्व्हरच्या) क्लस्टरवर +२डी:१एन संरक्षण असेल तर किती जागा जाते? गप्प. वास्तविक पाठ करण्यासारखं त्यात काहीच नाही. ही पातळी दोन डिस्क किंवा एक नोड गेला तरी डेटा टिकवते. मोठ्या फाइलचे १२८ केबीचे तुकडे पडतात आणि एका पट्ट्यात प्रत्येक नोडवर दोन तुकडे बसतात. पाच नोड म्हणजे दहा तुकडे, त्यातले दोन संरक्षणाचे. गेले २० टक्के. तीन नोड असतील तर सहातले दोन, म्हणजे ३३ टक्के. नोड वाढले की हा खर्च उतरतो, आणि स्केल-आउटची (नोड जोडत वाढण्याची) निम्मी गंमत इथेच आहे.

आता उलट प्रश्न. फाइल १०० केबीची असेल तर? तिचे तुकडे पडत नाहीत, याच पातळीला तिच्या सरळ तीन प्रती होतात. लाखो बारक्या फाइली ठेवणारं गिऱ्हाईक "माझी जागा कुठे गेली?" म्हणून भांडायला येतं ते यामुळेच. :)

ब्लॉकवरून येणाऱ्याला जड जातं ते हेच की इथे रेड ग्रुप (डिस्कचे बांधलेले गट) नाही, लन नाही. /आयएफएस नावाची एकच फाइल सिस्टिम सगळ्या नोडवर पसरलेली असते. जुनी पाटी खरंच कोरी करा.

चांदणीवेल:
सरावाचं मी सांगते. वनएफएसचा (पॉवरस्केलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) सिम्युलेटर फुकट मिळतो, फक्त प्रॉडक्शनमध्ये वापरायचा नाही. व्हीएमवेअरवर तीन नोड उभे करा. माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर बंद ठेवून चालले, ३२ असेल तर सुख.

आणि तो नुसता बघत बसू नका, मोडा! एक नोड बंद करा, फाइल उघडते का पाहा. मग दुसराही बंद करा. निम्म्याहून जास्त नोड जिवंत नसले की कोरम जातो आणि लिहिणं थांबतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. मला चकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. डिस्क बिघडली की फ्लेक्सप्रोटेक्ट (डेटा पुन्हा सुरक्षित करणारा) जॉब आपोआप सुरू होतो, म्हणून बंद पडलेला नोडही आपोआप स्मार्टफेल होईल (डेटा हलवून क्लस्टरमधून काढला जाईल) असं मी धरून चालले होते. तसं होत नाही, तो निर्णय ॲडमिनचा.

परवानग्यांना निदान दोन आठवडे द्या. एकच फोल्डर विंडोजवरून एसएमबीने आणि लिनक्सवरून एनएफएसने उघडा (दोन्ही नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धती). विंडोजने केलेल्या फाइलवर खरा अधिकार एसीएलचा (कोणाला काय परवानगी याच्या यादीचा) असतो, लिनक्सवर दिसणारे मोड बिट (वाचा-लिहा-चालवा या खुणा) हा फक्त अंदाज. खरं चित्र "एलएस -एलई" दाखवतं. आणि एखाद्या युजरचे एसआयडी (विंडोजची ओळख), यूआयडी (लिनक्सची ओळख) कसे जुळलेत ते "आयएसआय ऑथ मॅपिंग टोकन" सांगतं. नोकरीत निम्मी तिकिटं याचीच येतात.

कोटा, स्नॅपशॉट, सिंकआयक्यू (दुसऱ्या क्लस्टरवर प्रत पाठवणं) वाचून समजतात. परीक्षेचे कोड बदलत राहतात, म्हणून डेलच्या साइटवरून सध्याचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यात कुठल्या भागाला किती टक्के तेही असतं.

पाणकोंबडा:
सगळं क्लाउडवर चाललंय, हे शिकून काय मिळणार?

सह्यकडा:
@पाणकोंबडा, स्टुडिओवाल्यांना शेकडो टीबी फुटेज रोज क्लाउडवरून वर-खाली करायला सांगून बघा. तो वेगळा धागा काढा, येतो तिकडे.

कोरी_पाटी:
चांदणीवेल ताई, सह्यकडा दादा, खूप आभार. तीन नोड उभे राहिले! पण स्मार्टकनेक्ट (येणाऱ्या जोडण्या नोडांमध्ये वाटून देणारा भाग) रुसलंय. झोनच्या नावाला एनएसलुकअप केलं (नावावरून आयपी विचारला) की दर वेळी तोच एक आयपी येतो. पॉलिसी राउंड रॉबिनच (पाळीपाळीने) आहे.

चांदणीवेल:
डीएनएसमध्ये झोनच्या नावाचा ए रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) थेट एसएसआयपीकडे (स्मार्टकनेक्टच्या स्वतःच्या आयपीकडे) लावलाय ना? तो काढा. एसएसआयपीला वेगळं नाव देऊन त्याचा ए रेकॉर्ड करा, आणि झोनचा एनएस रेकॉर्ड (उत्तर कोणी द्यायचं ते सांगणारी नोंद) त्या नावाकडे वळवा. म्हणजे उत्तर तुमचा डीएनएस नाही, क्लस्टर देईल. हे झालं की आयपींचा पूल स्टॅटिक (आयपी त्याच नोडवर राहतो) ठेवायचा की डायनॅमिक (नोड पडला की आयपी दुसऱ्या नोडवर जातो) ते वाचा. एसएमबीला स्टॅटिक, एनएफएसव्ही३ ला डायनॅमिक असं का, ते स्वतःच्या शब्दांत इथे लिहा.

कोरी_पाटी:
अगदी तेच केलं होतं. :( बदललं, आता तीन वेळा विचारलं तर तीन वेगळे आयपी आले. स्टॅटिक-डायनॅमिकचं उत्तर रविवारी लिहितो, आता पाळीला पळतो.