समतोल, स्वस्थ आणि सावकाश : रोजच्या बोलण्यातली पंचमहाभूतं

गेल्या आठवड्यात एका पोस्टरचा मजकूर मराठीत करायला आला, विषय नेहमीचाच, वर्क-लाइफ बॅलन्स. मी 'काम आणि आयुष्याचा समतोल' असं लिहून टाकलं आणि मग दिवसभर तो शब्द काही डोक्यातून जाईना. कारण समतोल म्हटलं की डोळ्यापुढे तराजूच येतो. दोन पारडी, एकात ऑफिस, एकात घर, इकडचं काढा नि तिकडे टाका. तोल, तुला, तुलना, संतुलन हे सगळे तुल् म्हणजे वजन करणे या एकाच धातूतले, सोन्याचा तोळाही त्याच घरातला. एखादीची तब्येत जरा कशानेही बिघडत असेल तर आपण 'तिची प्रकृती तोळामासा' म्हणतो, तेही वजनाच्या भाषेतलंच, 12 मासे म्हणजे 1 तोळा.

पण घरात कुणाचं काही बिनसलं की आपण तराजूची भाषा बोलत नाही, हे बघा. 'डोकं तापलंय त्याचं', 'किती कोरडं बोलली', 'डोक्यात हवा गेलीय', 'पाय जमिनीवर राहू देत'. ही सगळी आग, पाणी, वारा, माती यांची भाषा आहे. दोन पारड्यांचा हिशोब तिथे चालतच नाही, या चार आणि पाचवं आकाश, अशा पाच गोष्टींपैकी कोणती वाढली आणि कोणती कमी पडली एवढंच आपण सांगत असतो. मला वाटतं बॅलन्ससाठी मराठीत शब्द शोधायचा तर तो इथे शोधायला हवा.

आधी 'भूत' हा शब्द. भू म्हणजे असणे, होणे, त्यावरून भूत म्हणजे जे झालेलं आहे ते. भूतकाळ, भूतदया, पिंपळावरचं भूत आणि पंचमहाभूतं, सगळ्यांचं मूळ एकच. माणूस गेला की 'पंचत्वात विलीन झाला' म्हणतात तेव्हा या पाचांचा हिशोब परत केला असा अर्थ असतो.

आता तेज, म्हणजे अग्नी. याचा धातू तिज्, म्हणजे धार लावणे, तीक्ष्ण असणे. तेज, तीक्ष्ण आणि आपल्या स्वयंपाकघरातलं तिखट ही एकाच आईची लेकरं. फारसीतला तेज म्हणजे जलद, तोही लांबचा भाऊच लागतो, बाजारातली 'तेजी' त्याच्याकडून आली. मला यात सगळ्यात आवडलं ते असं की आयुर्वेदात पोटातल्या अग्नीचे चार प्रकार सांगितलेत, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. आणि शेअर बाजारवाले काय म्हणतात, तेजी आणि मंदी! म्हणजे भुकेला आणि बाजाराला आपण एकाच चुलीवरचे शब्द लावतो, जाळ मोठा झाला की तेजी आणि विझत आला की मंदी. अग्निमांद्य हा शब्द आता वैद्यांकडेच उरलाय पण 'भूक मंदावली' आपण रोज म्हणतो. आणि रागाचे तर जवळपास सगळेच शब्द इथले, तापट, भडकणे, पेटणे, पित्त खवळणे. संताप म्हणजे सुद्धा सं + ताप, नीट तापणं.

वाऱ्याचे शब्द त्याहून मजेचे आहेत. 'काय वात आणलाय या पोराने' यातला वात दिव्याचा नाही. दिव्याची वात संस्कृत वर्तीवरून आलीय, हा वात म्हणजे वायू. ताप चढून माणूस बरळायला लागला की पूर्वी 'त्याला वात झाला' म्हणायचे, त्यामुळे वात आणणे म्हणजे समोरच्याला भ्रम व्हायची वेळ आणणे असा त्याचा अर्थ मी लावते. वाताहत म्हणजे वाऱ्याने आहत, वाऱ्याच्या मारात सापडलेलं. शिवाय वारं प्यायलेलं वासरू आहे, अंगात वारं येणं आहे, कुणाला वाऱ्यावर सोडणं आहे. या सगळ्यात स्थिर असं काहीच नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांपैकी चरकाने वाताचे गुण दिलेत त्यात रूक्ष आणि चल हे दोन आहेत, आणि आपण जो माणूस सारखा धावपळीत असतो त्याच्याबद्दल हमखास काय बोलतो तर 'हल्ली फार रुक्ष झालाय गं तो'. पळणं आणि कोरडं होणं एकत्र येतं हे ज्याने कुणी पहिल्यांदा नोंदवलं त्याने माणसं जवळून पाहिली असणार.

पाण्याबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकते. आप म्हणजे पाणी म्हणून आपुलकी हा शब्द त्यावरून आला असं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये वाचलं. छान वाटतं ऐकायला पण तसं नाहीये, आपला, आपण, आपुलकी हे संस्कृत आत्मन् पासून प्राकृतातून आलेत. नात्यातल्या ओलीसाठी आपल्याकडे खरा शब्द ओलावा. आणि दुसरा स्नेह, ज्याचा मूळ अर्थच मुळी स्निग्धपणा, तेलातुपाचा. वैद्य स्नेहन म्हणतात त्यात अंगाला तेल चोळणं येतं, आणि पत्रात आपण 'स्नेहांकित' लिहितो. रुक्ष आणि स्निग्ध ही अशी जोडी आहे की तब्येतीलाही लागते आणि बोलण्यालाही.

मातीचं थोडक्यात. बूड स्थिर नाही, पायाखालची वाळू सरकली, माती खाल्ली, मातीमोल झालं. पृथ्वी म्हणजे टेकू, तो गेला की बाकी चौघांचं काही चालत नाही.

मग या सगळ्यांचा मेळ जमला तर त्या अवस्थेला म्हणायचं काय? सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागातल्या 15व्या अध्यायात निरोगी माणसाची व्याख्या आहे, त्याचे दोष म्हणजे वात, पित्त, कफ सम, अग्नी सम, धातूंचं (इथे धातू म्हणजे रक्त, मांस असे शरीराचे घटक) आणि मलांचं काम सम, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न. अशा माणसाला शब्द दिलाय 'स्वस्थ'. स्व + स्थ, जो स्वतःच्या जागी आहे तो. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी एवढंच राहिलं. मराठीने मात्र त्यातला मनाचा भाग धरून ठेवला, 'जरा स्वस्थ बस', 'तिला स्वस्थता नाही', 'रात्रभर अस्वस्थ वाटत होतं'. हिंदीतला अस्वस्थ आजारी असतो, आपला अस्वस्थ माणूस धडधाकट असूनही खिडकीशी येरझाऱ्या घालत असतो. म्हणून हिंदीवरून भाषांतर करताना हा शब्द जसाच्या तसा उचलू नये असं मी कळकळीने सांगेन, बातम्यांमध्ये ही चूक सारखी दिसते.

राहिलं आकाश, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. आकाश आणि अवकाश दोन्ही काश् धातूचे, पण मराठीत अवकाश म्हणजे जागा आणि वेळसुद्धा. 'गाडी यायला अजून अवकाश आहे.' आणि स + अवकाश म्हणजे सावकाश! रोज दहादा बोलतो आपण हा शब्द आणि त्याच्या पोटात आख्खं आकाश आहे हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. सावकाश जा म्हणजे नुसतं हळू जा नाही, मधे जागा ठेवून जा. आता मुलंमुली 'मला स्पेस हवी' म्हणतात तेव्हा घरातले मोठे दुखावतात, पण हीच गोष्ट आपण सावकाश या शब्दातून पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने सांगत आलोय.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात जेवणाचं माप दिलंय, पोटाचे चार भाग करा, दोन अन्नाने भरा, एक पाण्याने, आणि चौथा वाऱ्याला फिरायला मोकळा ठेवा. आई 'दोन घास कमी खा आणि सावकाश जेव' म्हणायची त्यात हेच सगळं आलं. तिच्याकडे भाकरी शिकताना तर मला हे हाताने कळलं. पीठ जुनं असलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापतानाच कडा फाटतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायला उशीर झाला की चिरा पडतात, जाळ मोठा झाला तर करपते आणि आत कच्ची राहते. सगळं जमलं की पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते, म्हणजे दोन पापुद्र्यांच्या मधे पोकळी होते. मी घाईने उलथनं दाबायचे की आई म्हणायची, 'दाबू नकोस गं, सावकाश, तिला फुगायला जागा दे.'

सावकाशला गावाकडे 'दमानं' म्हणतात, 'दमानं घ्या पाव्हणं'. हा दम फारसीतला, त्याचा अर्थ श्वास. म्हणजे एकाच सल्ल्यासाठी एका शब्दात आकाश आहे आणि दुसऱ्यात वारा.

पोस्टरवर मी शेवटी 'काम सावकाश, घर स्वस्थ' असं सुचवलंय, ते घेतील की नाही बघू, कारण सावकाश म्हणजे आळशीपणा असा अर्थ कुणी काढेल ही भीती त्यांना आहे. आणि ती भीती मला गंभीर वाटते. माझ्या मुलीच्या तोंडी अवकाश आता फक्त अवकाशयानापुरता उरलाय, 'यायला अवकाश आहे' ती कधीच म्हणत नाही, 'टाइम आहे अजून' म्हणते. तुमच्या घरात वेळ या अर्थाने अवकाश अजून कुणी बोलतं का? आणि पिठाच्या विरीला तुमच्या भागात दुसरा काही शब्द आहे का, तेही सांगा.